फावड्यानं धरलेली मरळ

पाचवा महिना लागला आणि मला माशाचे डोहाळे लागले. चिंच, आवळे, चुलीतली भाजकी माती, यातलं काहीही मागितलं असतं तर आमच्या घरात कौतुकानं हातावर ठेवलं असतं. पण मला हवी होती नदीची मरळ, आणि मला दिलं होतं अंथुर्ण्याच्या अशा घरात, जिथं माशाचं नाव काढायचं तरी माणूस आधी बांधाबाहेर जाई.

माझं माहेर डाळजचं. भीमा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आठवड्यातून एकदा तरी आईच्या चुलीवर कालवण रटरटायचं आणि आम्ही भावंडं शेपटीच्या तुकड्यावरून मारामारी करायचो. सासर मात्र पाटाच्या पाण्यावरचं. वांगी, मिरच्या, थोडा ऊस, बांधाला केळी. घर चांगलं होतं, खायला-प्यायला कमी नव्हतं, पण सासूच्या गळ्यात तुळशीची माळ होती. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो आणि सासऱ्यांना मामंजी. आत्याबाईंनी मासा-मटण घरातच नव्हे, साऱ्या वस्तीवर बंद केलं होतं. पाटात कधी बोटभर मुऱ्या मासोळ्या दिसल्या तरी आत्याबाई तोंड फिरवून पुढं जायच्या.

घरातले पुरुष मात्र खाणारे. त्यासाठी त्यांनी वाट काढली होती. वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या तोंडाला, मामंजी आणि आमचे मालक नीरेला जायचे. गोठ्याच्या आढ्याला काळ्या मडक्यांचं एक गाठोडं टांगलेलं असे, ते काढायचं, गाडीत टाकायचं, नदीच्या वाळूत पाल ठोकून दोन दिवस राहायचं, तिथंच धरायचं, तिथंच शिजवायचं, तिथंच खायचं. परत आल्यावर विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय आत्याबाई उंबरा ओलांडू देत नसत. बरोबर एक धनगर तात्या असायचे. त्यांची मेंढरं दर वर्षी आमच्या रानात बसायला यायची, पाल त्यांचंच होतं, आणि खरं सांगायचं तर मासेही तेच धरायचे. आमच्या दोघा पुरुषांचं काम चूल पेटवण्याचं आणि खाण्याचं. बायकांनी जायची पद्धत नव्हती.

मी चार दिवस गप्प बसले. पाचव्या दिवशी आत्याबाईंनी शेवयांची खीर पुढं ठेवली आणि माझा तोल गेला. लहानपणापासून माझं डोकं तसं तापटच. ताट सरकवलं आणि सासऱ्यांच्या देखत म्हणाले, "मला खीर नगं! मला मरळ पायजे!"

मामंजींचा घास हातातच राहिला. मालक एकाएकी गोठ्यातल्या बैलांकडं असे बघायला लागले, जणू बैलच बोलले. आत्याबाईंनी ताट उचललं. आता मला माहेरी धाडतात, असंच मला वाटलं. खरं तर चाललं असतं. माहेरी मासे होते.

संध्याकाळी आत्याबाई मालकांना म्हणाल्या, "ह्या वर्सी नदीला कवा जाणार हायसा?"

"ठरलं न्हाय अजून," मालक म्हणाले.

"मग ठरवा. हिला बी न्यायची. आन मी बी येती."

मामंजी उठून उभेच राहिले. "पोटुशी बाई डोहावर न्यायची? आसरा हायत तितं!"

नदीच्या डोहात सात आसरा राहतात आणि गरोदर बाईनं त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असं आमच्याकडं मानतात. आत्याबाईंनी त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं.

"आसरा बी बायाच हायत," त्या म्हणाल्या. "त्यांना कळंल. मासा माज्या घरात यायचा न्हाय, म्हंजी पोरीनंच माशाकडं जायाला पायजे. सातव्यात ही म्हायेरला जाईल. तितं पैल्या दिशी मासा खाईल, आन समदं डाळज म्हणंल, सासूनं डव्हाळं पुरवलं न्हाईत. माज्या दारातनं पोर आशी जायाची न्हाय."

झालं. आता हा आत्याबाईंच्या अब्रूचा प्रश्न झाला, आणि माझ्या जिभेचा होताच.

मग दिवस ठरवायला बसलो, आणि तिथं सगळं घोडं अडलं. कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, तेव्हा पुरुषांनाही बंदी. मार्गशीर्ष उजाडला की खंडोबाचे सहा दिवस, पुन्हा बंदी. त्यापुढं ऊसतोड, गुऱ्हाळ, मग सातवा महिना. म्हणजे एकादशी ते अमावास्या एवढीच फट. त्यातही वार जमेना. सोमवार मालकांचा. मंगळवार देवीचा. गुरुवारी मामंजी दत्ताचा उपास करायचे. शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. राहिला शुक्रवार, तो मी स्वतः माहेराहून धरून आणलेला. तो सोडते म्हणाले तर आत्याबाई डोळे वटारून म्हणाल्या, "डव्हाळ्यापायी देव बाटवती व्हय?" राहिला फक्त बुधवार. बुधवार कुणाचाच नव्हता. एकादशी ते अमावास्या या फटीत असे तीन बुधवार होते.

पहिल्या बुधवारी आमची पाण्याची पाळी आली. पाटाचं पाणी पंधरवड्यानं मिळायचं, ते पाटकरी सांगेल त्या वेळेला, आणि त्या वेळेला मालक रानात वाफ्यांची दारं धरायला नसतील तर वांगी पुढचे पंधरा दिवस कोरडी. दुसऱ्या बुधवारी बैलाचा खांदा सुजला. मी रोज गोठ्यात जाऊन त्या खांद्याला हळद लावत होते. लोक म्हणत, सून किती मायाळू आहे. माया कसली, मला गाडी जुंपायची घाई होती.

तिसरा बुधवार धरून तयारी सुरू झाली. काळी मडकी खाली उतरली. ज्वारीचं पीठ, कांदे, लसूण, तिखट, चिंच, तेलाची बुधली, गोधड्या, कंदील. आत्याबाईंनी आसरांसाठी हळदकुंकू, खण आणि सात सुपाऱ्या वेगळ्या बांधल्या. गळाला आमिष काय लावायचं यावरून बापलेकांत दोन दिवस वाद चालला. मामंजी म्हणत कणकेची गोळी, मालक म्हणत गांडूळ. दोघांनीही आपापल्या आमिषानं आजवर एकही मासा धरला नव्हता, त्यामुळं वाद मिटायला काही कारणच नव्हतं. मामंजींनी गाडीत आपलं फावडंही ठेवलं. ते परसाकडं जातानासुद्धा फावडं खांद्यावर टाकून जायचे.

"मासं धरायला फावडं कशाला?" मी विचारलं.

"आसू दे," ते म्हणाले. "हात मोकळा बरा वाटत न्हाय."

धनगर तात्या पाल आमच्याकडं टाकून मोरगावकडं भावाला भेटायला गेले होते. जाताना सांगून गेले, "मी बुधवारच्या आत येतो. माज्याबिगर नदीत उतरू नगा." ते काही आले नाहीत. आला तो पाटकरी, रविवारी. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, बुधवारी तुमची पाळी.

त्या रात्री मी जेवले नाही. तिसरा बुधवार पण गेला. उपासतापास, बैल, पाट, सगळ्यांचा मला संताप आला होता, आणि मुकाट्यानं भाकरी खाणाऱ्या मालकांचा सर्वांत जास्त.

सोमवारी दुपारी बातमी आली की वरच्या अंगाला पाटाचा भराव खचून पाट फुटला. दुरुस्ती होईपर्यंत आठ दिवस पाट बंद. साऱ्या शिवारावर अवकळा पसरली. मामंजी ओट्यावर डोक्याला हात लावून बसले. शेजारीपाजारी येऊन त्यांच्या शेजारी डोक्याला हात लावून बसत होते. आत्याबाई सूप पाखडत होत्या, त्या मधेच थांबल्या.

"म्हंजी बुधवारी पाळी न्हाय," त्या म्हणाल्या.

"कसली पाळी! पाटात थेंब न्हाय ऱ्हायला!"

"मग हितं बसून काय करताय? पाट बांधायला तुमाला बोलीवलंय? गाडीला वंगण घाला."

मी आत जाऊन तोंडाला पदर लावून हसले. सारं गाव सुतकात, आणि मला आनंद मावेना. त्याची थोडी लाजही वाटली, पण थोडीच.

आता यातली चूक शहाण्या वाचकाच्या ध्यानात आली असेल. आमच्या एकाच्याही आली नाही. आमच्या घराच्या दोन पिढ्या पाटावर गेल्या होत्या. पाणी म्हणजे पाटकरी सांगेल तेव्हा येणारी आणि सांगेल तेव्हा जाणारी वस्तू. पाट बंद झाला म्हणजे पाणी संपलं, नदीही कोरडी, डोहातले मासे आयते सापडतील, असा मामंजींचा हिशेब. पाटात पाणी येतं ते नीरेवरच्या बंधाऱ्यातून, आणि पाटाचं तोंड बंद केलं तर ते पाणी कुठं जाईल, हे विचारायला तात्या तिथं नव्हते. मी तर नदीकाठची, मला तरी सुचायला हवं होतं. पण मला तेव्हा मरळीशिवाय काहीच सुचत नव्हतं.

बुधवारी सकाळी नीरेवर पोचलो. गाडीत कडबा, त्यावर दोन गोधड्या, त्यावर मी. नदी अगदी शहाण्यासारखी एका कडेनं वाहत होती. वाळूत गेल्या वर्षीच्या चुलीचे तीन काळे दगड तसेच पडलेले. मालकांनी तिथंच पाल ठोकलं. आत्याबाईंनी काठावर सात खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला आणि नदीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरीचं डव्हाळं हाय बायांनो. एकच पुरं हाय. राग धरू नगा."

मग बापलेक गळ टाकून बसले. दुपारपर्यंत मामंजींच्या गळाला एक खेकडा लागला आणि मालकांच्या गळाला मामंजींचं धोतर. आत्याबाई लांब बसून बघत होत्या. एकदा न राहवून ओरडल्या, "गळ आसा आपटत्यात व्हय? हळू सोडायचा आसतो!" माळकरी बाई मासे धरायला शिकवते म्हणून आम्ही सगळे हसलो. त्या तोंड फिरवून बसल्या.

ऊन कलतं झालं तेव्हा चुलीतून चर्रर्र आवाज आला. बघते तर पाणी. चुलीच्या दगडाला लागून पाण्याची एक जीभ हळूच पालाकडं निघाली होती. आभाळ निरभ्र, पावसाचा मागमूस नाही, आणि नदी चढत होती. मालक ओरडले, "उठा, उठा!" मी पिठाच्या गठुड्यावर बसले होते, ते काखेत मारून पळाले. आत्याबाईंनी गोधड्या उचलल्या. मालकांनी पालाच्या मेखा उपटल्या. मामंजी मात्र जागचे हलेनात. फावडं खांद्यावर टाकून, घोटाभर पाण्यात उभे राहून ते पाण्याचा रंग बघत होते. मग एकाएकी किंचाळले.

"आरं, हे आपलं पाणी हाय! पाटाचं! आपल्या बुधवारच्या पाळीचं पाणी हाय हे!"

आणि बांध फोडून पाणी चोरणाऱ्या शेजाऱ्याला द्याव्यात तशा शिव्या ते नदीला द्यायला लागले. "माजी वांगी वाळाय लागली आन तू हितं वाळू भिजवतीस?" मालकांनी त्यांना दंडाला धरून वर ओढत आणलं. नदी आपली गुमान आमच्या वांग्यांचं पाणी घेऊन खाली चालली होती.

काठावर करंजाच्या झाडाखाली पुन्हा पाल ठोकलं. दोन्ही गळ गेले. एक मडकं गेलं. खेकडासुद्धा गेला. मला रडू कोसळलं. पाचव्या महिन्यात रडू तसंही डोळ्यांच्या काठावरच असतं, पण हे रडणं खरं होतं. आता बुधवार संपले होते. मी मालकांना म्हणाले, "तुमच्या घरात मला एक मासा मिळना!" तुमच्या घरात, असं म्हणाले मी. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आत्याबाईंनी ते ऐकलं. त्यांनी माझ्या अंगावर कोरडी गोधडी टाकली.

सकाळी उजाडता उजाडता त्यांनीच मला हलवलं. "ऊठ. चल माज्यासंगं. आवाज करू नगंस."

पाणी रात्रीतून हातभर उतरलं होतं. करंजाच्या खालच्या अंगाला एक मोठा खळगा होता, तो चढत्या पाण्यानं भरला होता आणि आता पायाएवढ्या एका तोंडानंच नदीला जोडलेला राहिला होता. आत्याबाईंनी काठीनं दाखवलं. "तितं बघ."

"दगुड हाय तो."

"दगुड न्हाय. थांब. आत्ता वर यील. मरळीला वर यिऊन वारा घ्यावा लागतो."

आणि खरंच, काळं डोकं वर आलं, एक बुडबुडा सोडला आणि खाली गेलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हे आत्याबाईंना कसं ठाऊक, हे त्या क्षणी डोक्यातही आलं नाही.

मालक धावत आले आणि डोकं खाजवत उभे राहिले. गळ नाही, जाळं नाही, धरायचं कशानं? मामंजी मागून आले. त्यांनी खळग्याकडं बघितलं, त्याच्या तोंडाकडं बघितलं, पलीकडच्या उताराकडं बघितलं, आणि कालपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"ह्ये तर वाफ्यासारखं हाय," ते म्हणाले आणि हातावर थुंकले.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. चाळीस वर्षं पाण्याला दारं धरलेला माणूस तो. चार ढेकळांत त्यांनी नदीकडचं तोंड बंद केलं. मग खालच्या अंगाला फावड्यानं एक दांड उकरला, त्याच्या तोंडाशी बाभळीच्या काटेरी फांद्या रोवल्या, आणि खळग्यातलं पाणी त्यातून काढून दिलं. पाणी निघून गेलं, मासे काट्यांपाशी अडले. अर्ध्या घटकेत तळाच्या चिखलात माझ्या कोपरापर्यंत लांबीची मरळ आणि दोन-चार शिंगटे मासे तडफडत होते. मामंजी फावड्यावर रेलून म्हणाले, "गळानं काय व्हतंय!"

तो गुरुवार होता. मामंजींचा उपास. जन्मात पहिल्यांदा स्वतः मासा धरला आणि त्यांना तोंडात घालता येईना. मी त्यांच्याकडं बघून हसले, तर तेही हसले.

आता अडचण माझी. साऱ्या घराला मी मरळीवरून धारेवर धरलं होतं, पण मला मरळ करता कुठं येत होती? माहेरी आई करायची, मी खायची. मी सुरी घेऊन बसले आणि मासा हातातून सटकन निसटला.

"राख लाव त्याला आदी," मागून आवाज आला. "हातात ऱ्हाईल."

आत्याबाई दहा पावलांवर एका दगडावर बसल्या होत्या, आमच्याकडं पाठ आणि नदीकडं तोंड करून. मी राख लावली. मग पाठमोऱ्याच त्या सांगत गेल्या. मिठानं चोळ. तीन पाण्यानं धू. लसूण ठेच, वाटू नगंस. मडकं चुलीवर चढलं, वास सुटला. मी चिंचेचा कोळ ओतायला हात पुढं केला तर पाठमोऱ्या म्हणाल्या, "आत्ता न्हाय. वास फिरू दे." मी थांबले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आता घाल." आणि आणखी थोड्या वेळानं, "उतरीव. झाली."

झाकण काढलं. आईच्या हातची व्हायची तशीच झाली होती.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुमाला कसं ठावं?"

 उत्तर मामंजींनीच दिलं, फावड्याच्या दांड्याकडं बघत. "हिच्या हातची मरळ खायला तात्या चार कोस चालत यायचा. हिच्यागत खाणारी आन करणारी पंचकुरशीत न्हवती." मग मालकांकडं बोट केलं. "ह्यो चार वर्साचा आसताना मानमोडीची साथ आली. घराघरातनं माणसं नेत व्हती. ह्यो तीन दिस डोळा उघडंना. तवा हिनं माळ घातली. जे लई आवडतं तेच सोडलं. आन मला म्हणली, आता घरात वास नगं, मला ऱ्हावायचं न्हाय."

मालकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या हातात पहिला घास होता. तो त्यांनी तसाच पानावर ठेवला आणि मान खाली घातली. आत्याबाईंनी मागं वळून बघितलं नाही, तरी त्यांना कळलं.

"खा गुमान," त्या म्हणाल्या. "तू जगावास म्हणून सोडलं. तू उपाशी उठावास म्हणून न्हाय."

मालक खायला लागले. मीही घास घेतला. तो घास इतका चांगला लागला की माझी मलाच लाज वाटली. मग मी पान उचललं, त्या दगडापाशी गेले आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले, म्हणजे त्यांना ते दिसायला नको.

 मग त्या हळूच म्हणाल्या, "मीठ बराबर हाय?"

"बराबर हाय."

"चिंच?"

"मागनं लागती. आदी तिखाट, मग चिंच."

"आशीच पायजे," त्या म्हणाल्या. "आन शेपटीकडचा तुकडा खाल्लास का?"

"आत्ता खाती."

"कसा हाय?"

"काटं सोडून आलाय. दात लावायची गरज न्हाय. निसता जिभंवर ठिवला तरी इरघळतुया."

त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकलेली होती. त्यांनी मोठा श्वास आत घेतला, तो मला समजला.

"पुन्यांदा सांग," त्या म्हणाल्या. "पैल्या घासापासनं."

मी पहिल्या घासापासून सांगायला लागले.